धर्मग्राम आणि शेजारधर्म

पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेस, गोरेगाव आणि मालाड यांच्या दरम्यान वसलेल्या दिंडोशीचे नाव आज अनेक कारणांनी कानावर येते. कोणाला ते न्यायालयातील तारखेमुळे ठाऊक असते, कोणाला बसच्या आगारामुळे, आणि २०२२ पासून मेट्रोच्या स्थानकामुळे. १९७७ साली लगतच्या टेकड्यांत चित्रनगरी उभी राहिली. पुढे मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने झगडून मिळवलेल्या जमिनीवर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या सहा हजारांहून अधिक कुटुंबांना येथे हक्काचे घर मिळाले. या सर्वांच्या आधी दिंडोशी हे साष्टी बेटावरील एक गाव होते. आज त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसरात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांचे मूळ गाव मात्र दुसरेच कुठले तरी आहे.

अशा वस्तीत ख्रिस्ती माणूस आपला धर्म कसा जगतो, हा प्रश्न वरवर पाहता एका लहानशा समाजाचा घरगुती प्रश्न वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. ग्रामदैवत, यात्रा, पालखी आणि भाऊबंद यांना गावी ठेवून मुंबईत नोकरीसाठी आलेल्या प्रत्येक कुटुंबाला तो कधी ना कधी पडलेला असतो. गावाबरोबर वाढलेला धर्म गाव सुटल्यावर कशाच्या आधारावर उभा राहतो? साष्टीतील ख्रिस्ती समाजापुढे हा प्रश्न थोड्या वेगळ्या स्वरूपात आला. त्याला गाव सोडावे लागले नाही. गावच त्याच्या पायाखालून निघून गेले.

या समाजाचा इतिहास सरळ नाही आणि तो सरळ करून सांगण्याने कोणाचेही भले होणार नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. सत्तेच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे चर्च झाले, ही गोष्ट तेथील दगडच सांगतात. धर्मांतरांमागे कोठे श्रद्धा होती, कोठे दुष्काळाची भूक, कोठे राज्यकर्त्यांचा धाक आणि कोठे सवलतींची आशा. चार शतकांनंतर या साऱ्यांचे प्रमाण ठरविणे अशक्यच आहे. पण त्यापुढची गोष्ट तितक्या वेळा सांगितली जात नाही. १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. पोर्तुगीज अधिकारी गेले, युरोपीय धर्मगुरू गेले, अनेक चर्चे ओस पडली. राजाश्रयावर वाढलेला धर्म राजाश्रय संपताच विरून जाईल, असे कोणी त्या वेळी म्हटले असते तर ते तर्कसंगतच ठरले असते. तसे झाले नाही. एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधाराने, कमी साधनांत, शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी आपली उपासना चालू ठेवली. ज्या श्रद्धेचा आरंभ कदाचित दुसऱ्याच्या इच्छेने झाला, ती या काळात त्यांची स्वतःची झाली. वारशाने किंवा सक्तीने मिळालेली गोष्ट पुन्हा एकदा स्वेच्छेने पत्करावी लागते, तेव्हाच ती आपली होते, हा त्या काळाचा खरा धडा होय.

पुढे इंग्रजी अमलात १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याहून येणाऱ्या आणि नोकऱ्यांच्या स्पर्धेत असलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपले वेगळेपण दाखविणे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. नाव इंग्रजी असले तरी घरातील बोली मराठीच होती, पोर्तुगीज शब्दांची पेरणी असलेली. त्यात या समाजाने संकोच मानावा असे काही नाही. पगार, चावी, बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले असून ते वापरताना कोणाचेही मराठीपण उणे होत नाही.

या गावांतील धर्मजीवन शेताला जोडलेले होते. भाताचे पीक तयार झाले की ‘आगेरा’ साजरा होई. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या कणसांच्या पेंढ्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जाई. ज्या गावांत आता भाताचे एक खाचरही उरलेले नाही, तेथेही हा सण आज पाळला जातो. लग्नाच्या पूर्वसंध्येला वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची प्रथा तर हिंदू शेजाऱ्यांच्या लग्नघरालाही परकी वाटली नसती. रस्त्याच्या कडेला, वळणावर, अंगणात दिसणाऱ्या क्रुसांपैकी अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत व तिच्यानंतर उभारले गेले. चर्चपर्यंत जाणेही त्या दिवसांत धोक्याचे होते, म्हणून माणसे आपापल्या वस्तीत क्रुसाभोवती जमून जपमाळ म्हणू लागली. क्रूस हे त्या अर्थाने केवळ पूजास्थान नव्हते. भीतीच्या काळात माणसांनी एकमेकांना शोधल्याची ती खूण होती.

महाराष्ट्रातील कॅथॉलिक मंडळी, विशेषतः वसईकडील, ‘पॅरिश’ या शब्दासाठी ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द वापरतात. त्यातील ‘ग्राम’ पूर्वी शब्दशः खरे होते. चर्चची घंटा जेथवर ऐकू जाई, तेथवरची माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत. शेताची हद्द, नात्याची हद्द आणि धर्मग्रामाची हद्द जवळजवळ एकच असे. समाज घडवावा लागत नसे. माणूस त्यात जन्मत असे.

शहराच्या वाढीने नेमकी हीच गोष्ट मोडली. दिंडोशीहून फार दूर नसलेल्या अंधेरी पूर्व येथील सीप्झच्या औद्योगिक आवारात एका चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्ट यांच्या नावाचे हे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव हादरले. लोक मरोळकडे सरकले आणि चर्च मागे राहिले. १९७३ मध्ये त्या परिसरात सीप्झची उभारणी झाली. तेव्हापासून संगणकाच्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या गराड्यात या जुन्या भिंती उभ्या आहेत. त्या पूर्वजांच्या गावकऱ्यांचे वंशज वर्षातून एकदा तेथे जमून मिस्सा साजरा करतात. आजूबाजूला एकाही भाविकाचे घर नसलेले ते चर्च दोन गोष्टी सांगते. स्मृती चिवट असते, ही पहिली. इमारत म्हणजे धर्मग्राम नव्हे, ही दुसरी. साथीनंतर माणसे एकत्र राहिली म्हणून धर्मग्राम मरोळला जिवंत राहिला आणि दगड जागच्या जागी राहिले.

दिंडोशी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात घडलेले याच्या उलट आहे. येथे माणसे आहेत, गाव नाही. जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या शेजारी मंगळूर, गोवा, केरळ आणि तमिळनाडू येथून आलेले कॅथॉलिक राहू लागले. त्यांच्या सोबतीला आणखी एक प्रवाह आला, ज्याची दखल मुंबईच्या ख्रिस्ती जीवनाविषयी बोलताना अनेकदा घेतली जात नाही. तो म्हणजे अहमदनगर आणि जालना या भागांतून आलेल्या मराठी प्रॉटेस्टंटांचा. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि नंतर नगर जिल्ह्यात त्याचा विस्तार झाला. ‘ज्ञानोदय’ हे त्या मिशनचे नियतकालिक १८४२ पासूनचे. या परंपरेतून आलेला माणूस प्रार्थनेला ‘उपासना’ म्हणतो, धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतो आणि चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. हा शेवटचा शब्द फार बोलका आहे. मराठीत मंडळी म्हणजे आपली माणसे. त्या शब्दात विटा नाहीत, घुमट नाही. आहेत ती फक्त एकत्र बसलेली माणसे.

कॅथॉलिकांच्या ‘पॅरिश’ या शब्दाचा उगमही पाहण्यासारखा आहे. तो ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ घराशेजारी राहणे, परक्या मुलखात तात्पुरती वस्ती करणे असा होतो. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःला या जगातील प्रवासी समजत, म्हणून त्यांनी आपल्या समूहाला हे नाव दिले. म्हणजे गावात मुरलेली, जमिनीला चिकटलेली संस्था असा जो अर्थ पुढे रूढ झाला, तो मूळचा नव्हे. मुळात धर्मग्राम हा उपऱ्यांचा शेजार होता. या अर्थाने पाहिले तर भाड्याच्या खोलीतून सोसायटीच्या घरात आलेला, उद्या विरार किंवा कल्याणकडे जाण्याची शक्यता असलेला दिंडोशीचा रहिवासी त्या मूळ कल्पनेच्या अधिक जवळ आहे.

पण शेजार आपोआप होत नाही. सकाळी सातच्या लोकलने जाऊन रात्री आठला परतणारा कारकून, दोन पाळ्यांच्या शाळेत शिकविणारी शिक्षिका, परीक्षांच्या धास्तीत असलेला विद्यार्थी यांच्याजवळ एकमेकांसाठी उरतो तो रविवार. त्यातही मिस्सा हा तासाभराचा विधी उरकून लोक आपापल्या दारामागे गेले, तर शेकडो माणसे एका छपराखाली येऊनही समाज घडत नाही. ही उणीव ओळखून मुंबईच्या कॅथॉलिक धर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून ‘लहान ख्रिस्ती समूह’ उभारण्यावर भर देण्यात आला. एका चाळीतील किंवा दोन-चार इमारतींतील कुटुंबांनी एकाच्या घरी जमावे, शुभवर्तमानाचा उतारा वाचावा आणि त्यानंतर वस्तीतील आजारी, बेकार, एकाकी माणसांची चौकशी करावी, असे त्याचे साधे स्वरूप आहे. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा मुंबईतील धर्मग्रामांत काम करतात. त्यांचाही मुख्य नियम देणगी देण्याचा नाही, गरिबाच्या घरी स्वतः जाण्याचा आहे. विसाव्या वर्षी ओझानामला जे सुचले ते आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला अशक्य वाटण्याचे कारण नाही.

या भेटींचे मोल बाहेरून कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला रविवारी घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देणारा माणूस तिच्यासाठी चर्चच घेऊन येत असतो. घरात मृत्यू झाला की जपमाळेसाठी संध्याकाळी जमणारे शेजारी शोकाचे ओझे वाटून घेतात. ईश्वराविषयीचे प्रश्न अशा वेळी सुटतात असे नाही. किंबहुना जे लोक श्रद्धावान म्हणून ओळखले जातात, त्यांच्या मनातही संशय असतो, सवयीची यांत्रिकता असते, अनुत्तरित प्रार्थनेचा राग असतो. पण एकट्याची श्रद्धा ज्या दिवशी थकते, त्या दिवशी शेजारी बसलेल्याची श्रद्धा त्याला पेलून धरते. सामूहिक उपासनेचे याहून मोठे समर्थन देता येणार नाही. ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती विधी हा एकत्र भाकरी मोडण्याचा आहे, आणि भाकरी मोडायची ती वाटण्यासाठी.

असे असले तरी समाजजीवनाच्या या चित्रात दोष नाहीत असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. पहिला प्रश्न भाषेचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली आणि लॅटिनमधील मिस्सा हळूहळू लोकांच्या भाषेत आली. मुंबईच्या उपनगरांत मात्र लॅटिनची जागा मुख्यतः इंग्रजीने घेतली. मराठी मिस्सेला वेळापत्रकात एखादी वेळ मिळते आणि तीही प्रामुख्याने वृद्धांनी भरलेली असते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ज्या भाषेत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ज्या भाषेत रेव्हरंड टिळकांनी भक्तिरचना केली, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल आणले, त्या भाषेत प्रार्थना करणे कमीपणाचे वाटावे, यासारखी शोकांतिका नाही. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा मराठी समाजाने आपले दार किती उघडे आहे ते दाखविले होते. त्या दारातून आत जाणे किंवा न जाणे हे पुढील पिढीच्या हाती आहे.

दुसरा प्रश्न जातीचा. ख्रिस्ती धर्मतत्त्वात जातीला स्थान नाही. ख्रिस्ती समाजात मात्र ती पुष्कळ आहे. विवाहसंबंध जुळविताना ती हळूच डोके वर काढते. दुसऱ्या बाजूने शासनाचेही धोरण विचित्र आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या. दलित ख्रिस्ती त्यांच्या बाहेरच राहिले. त्यामुळे चर्चमध्ये एक नाव आणि दाखल्यावर दुसरी ओळख अशा दुहेरी जीवनाचा मोह होतो. ज्या घराला आपला धर्म लपवावा लागतो, त्या घराला धर्मग्रामाने काय दिले, हा प्रश्न इतर सभासदांनी स्वतःला विचारावयास हवा.

तिसरा प्रश्न कारभाराचा. १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती अनिवार्य केली. सर्वसामान्यांच्या सल्लागार मंडळाला मात्र केवळ सल्ल्याचाच अधिकार ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात जी सिनड प्रक्रिया चालविली, तिचा गाभाच असा होता की धर्मगुरू आणि लोक यांनी एकत्र चालावे, एकमेकांचे ऐकावे. ज्या स्त्रिया धार्मिक शिक्षण देतात, आजाऱ्यांना भेटतात, सणाची तयारी करतात, त्यांचा शब्द निर्णयाच्या वेळी किती ऐकला जातो, यावर त्या प्रक्रियेचे यश ठरेल. कार्यालयात प्रत्येक कागदाला जाब विचारणारा कारकून चर्चच्या आवारात शिरताच गप्प होत असेल, तर त्याला श्रद्धा न म्हणता सोय म्हणणे अधिक योग्य.

या तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे. समाज आकसला की तो स्वतःभोवती कुंपण घालू लागतो. अल्पसंख्याक असल्याची जाणीव आणि जुन्या गावाची आठवण ही दोन्ही कुंपणाची सामग्री होऊ शकतात. मराठी ख्रिस्ती परंपरेतच यावरचा उतारा सापडतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले, आणि आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये मिशनपासून दूर होऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या नोव्हेनाला किंवा सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला सर्व धर्मांची माणसे रांगा लावतात. इतर लोक चर्चच्या दाराशी येतातच. चर्चमधील माणसे त्यांच्या दाराशी किती जातात, हा खरा मुद्दा आहे.

दिंडोशीच्या टेकड्यांकडे पाहिले तर त्याचे गांभीर्य कळते. २०१९ च्या जुलैच्या आरंभी मुसळधार पावसाच्या रात्री, मालाड पूर्व येथील जलाशयाच्या आवाराची भिंत पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगर येथील झोपड्यांवर कोसळली. तीसहून अधिक माणसे मरण पावली. ही माणसे कोणत्याही धर्मग्रामाच्या नोंदवहीत असोत वा नसोत, नकाशावर मात्र ती कोणत्या ना कोणत्या धर्मग्रामाच्या हद्दीतच राहत होती. कारण कॅथॉलिक चर्चमध्ये धर्मग्रामाची व्याख्याच मुळी प्रदेशावरून होते. तेव्हा त्या प्रदेशातील डोंगरउतारावरची झोपडी त्याच्या चिंतेच्या बाहेर कशी राहील?

येशूला एका शास्त्र्याने विचारले होते की माझा शेजारी कोण. त्याने व्याख्या दिली नाही. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची आणि त्याला उचलून नेणाऱ्या परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आणि प्रश्नच उलटा केला: जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी हा असतो, असे त्या गोष्टीत नाही. शेजारी व्हावे लागते. मराठी भाषेने हीच जाण एका शब्दात केव्हाच साठवून ठेवली आहे. वाटीभर साखर देणे, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे नेणे, परगावी गेलेल्याच्या घरावर लक्ष ठेवणे, याला मराठी माणूस मदत किंवा उपकार म्हणत नाही. तो त्याला शेजारधर्म म्हणतो. धर्म हा शब्द तेथे सहज, कोणत्याही पंथाची परवानगी न घेता येऊन बसला आहे.

साष्टीतील ख्रिस्ती समाजाने राज्य गेलेले पाहिले, प्लेग पाहिला, शेते गेलेली पाहिली. या प्रत्येक वेळी त्याला तारले ते एकमेकांच्या दाराशी जाण्याच्या सवयीने. धर्मग्रामातील ग्राम आता परत येणार नाही, आणि त्याच्या आठवणीत रमून ते आणताही येणार नाही. दिंडोशीसारख्या वस्तीत उरतो तो शेजार, आणि त्या शेजाराला परके कोणी नसते. धर्मग्राम जगवायचा असेल तर त्याची सुरुवात जिन्यावरच्या पुढच्या दारापासून करावी लागेल, मग त्या दारावर क्रूस असो, तोरण असो, वा काहीच नसो.